दोरीच्या मापाची सायकल

"पोरगी सायकल चालवून राह्यली का सायकल पोरीले चालवून राह्यली वो?"

तलावाच्या पाळीखालच्या धुण्याच्या दगडांवरून हे वाक्य वर आलं. बोलणारीनं मानसुद्धा वर केली नव्हती. ती हातातली चादर आपटत होती आणि बोलणं शेजारच्या दगडावरच्या बाईशी चाललं होतं, माझ्याशी नव्हतं. शेजारची हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. बैलाच्या मागे धावणाऱ्या लहान पोराला पाहून हसावं, तशी ती हसली. मी पाळीवर थांबले होते, म्हणजे थांबायचा प्रयत्न करत होते. सीटवरून उतरून पुढे यावं तर मधली दांडी आडवी यायची, म्हणून सायकल एका अंगाला झुकवून, एक पाय तिच्यावर अडकलेला आणि दुसऱ्या पायाचा अंगठा मातीत रुतवून मी उभी होते. गुराखी पाळीवरून म्हशी नेत होता आणि त्याला वाट द्यायची होती. म्हशी निघून गेल्या. मी पुन्हा सायकलवर चढले, दोनदा चुकून तिसऱ्यांदा पाय पेडलवर बसला, आणि मागे न बघता घरी आले.

सायकल घरी येऊन तीनच दिवस झाले होते. राखाडी रंगाची, बोटाएवढ्या पातळ टायरांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली. आमच्या गावापासून तालुक्याच्या मूल शहरापर्यंतच्या चौदा किलोमीटरांत तशी दुसरी सायकल नव्हती. तीन दिवस मी स्वतःला सांगत होते की नव्या चपलेसारखं असेल, आपलं अंग सरावेल. मानेत कळ यायची, तळहात बधिर व्हायचे, ब्रेक दाबायला बोटं पोचायची नाहीत, आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, अजून दोन दिवस. दगडावरच्या बाईनं एका नजरेत जे पाहिलं ते मी तीन दिवस पाहायचं टाळत होते. सायकल मला मोठी होती, आणि ती बाबांनी आणली होती.

आमचं घर ढिवर मोहल्ल्यात, घरामागच्या सांदवाडीतून दहा पावलांवर तलाव. पहाटेचा पहिला आवाज डोंगा काठाच्या दगडाला घासल्याचा, दुसरा बाबांच्या खोकल्याचा, तिसरा आईच्या विळी-पाटल्यावर मासोळ्यांची खवलं निघण्याचा. छपरीत जाळी टांगलेली असायची, त्यामुळे घरात शिरताना प्रत्येकाला थोडं वाकावं लागे, पाहुण्यालाही. सकाळी रात्रीचा भात कांदा-मिरची घालून परतलेला, सोबत झिंग्यांची चटणी. दुपारी लाखोळीच्या डाळीचं वरण किंवा मासोळीचं आंबट. मी मूलच्या कॉन्व्हेंटात शिकले. पिवळी बस गावाच्या तोंडाशी यायची, मोहल्ल्यापर्यंत येत नसे. शाळेत डबा मी झाकण अर्धंच उघडून खायची, झिंग्यांचा वास बाकावर पसरू नये म्हणून. तिथे मराठी बोललं की दंड होता. घरी आल्यावर इंग्रजीला कोणी विचारत नव्हतं. मधल्या मध्ये माझं बोलणंच कमी झालं. काकू मला 'इंग्लिशवाली' म्हणायची आणि पाहुणे आले की दोन वाक्यं बोलून दाखव म्हणायची. मी पाण्याचा तांब्या ठेवून आत जायची. लोकांना तो माज वाटायचा. माज नव्हता. दोन्हीकडचे शब्द मला यायचे, पण तोंडातून निघायच्या आधी मी ते इतक्यांदा तपासायची की तोवर बोलण्याचा विषय पुढे गेलेला असायचा. आता अहेरीला नोकरी करताना दिवसभर लोकांशी बोलावंच लागतं, तरी फोन वाजला की उचलण्याआधी मी अजूनही पहिलं वाक्य मनात म्हणून बघते.

बाबा याच्या उलट. ते कमी बोलायचे नाहीत, आणि बोललेलं मोजायचे तर मुळीच नाहीत. मोजायची त्यांची गोष्ट वेगळी होती. जाळं विणून झालं की ते वरच्या दोरीवर चढवावं लागतं. दोरी किती लांब घ्यायची, जाळ्याला किती चुण्या द्यायच्या, यावर ते पाण्यात भिंतीसारखं उभं राहील की पिशवीसारखं लोंबेल हे ठरतं. बाबा टेप वापरत नसत. हात पसरून, छातीपासून बोटापर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत, असं मोजून दोरी कापायचे. आजूबाजूच्या तीन गावांतून लोक जाळं खांद्यावर टाकून यायचे आणि म्हणायचे, भाऊ, तेवढी दोरी कापून द्या. मी लहान असताना छपरीत बसायला जागा नसे. मग बाजारात तयार जाळी यायला लागली, दोरीसकट, तरंगणाऱ्या गोळ्यांसकट. विणायचं काम गेलं. दोरीचं माप तेवढं राहिलं, आणि तेही घेऊन येणारे आता बहुतेक म्हातारेच होते. बाबा यावर काही म्हणत नसत. पण कोणी आलं की ते आईला दोनदा चहा ठेवायला लावायचे, हे माझ्या लक्षात आलेलं होतं.

अकरावीपासून मी कॉलेजला सायकलनं जायला लागले, शाळेतून मिळालेल्या काळ्या लेडीज सायकलवर. एसटीची वेळ जुळत नव्हती एवढंच कारण. पण मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं की मी एखादी गोष्ट न बोलता करू शकते आणि ती चांगली होते. धानाच्या बांध्या संपल्या की पाच किलोमीटर जंगल लागतं. तिथे सूर्य वर आल्याशिवाय जायचं नाही आणि एकट्यानं जायचं नाही, हा वाघामुळे सगळ्यांनाच लागू असलेला नियम. बाबा मोटरसायकलवरून तेवढा पट्टा माझ्या मागे यायचे आणि अधूनमधून हॉर्न वाजवायचे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एक दिवस त्यांनी जंगल संपल्यावर गाडी पुढे घेतली आणि म्हणाले की गाडीचा काटा पाहून राह्यलो होतो, तू तर मोपेडवाल्याले मागं टाकशील. त्याच महिन्यात कॉलेजच्या खेळाच्या मॅडमनी मला मैदानाबाहेर गाठलं. विद्यापीठाच्या सायकल संघाची निवड दिवाळीनंतर चंद्रपूरला होती, मुलींची नावं कमी होती. मॅडम म्हणाल्या, पाय आहेत तुझे, पण ही सायकल चालायची नाही. रोड बाइक लागेल. घरी विचार.

मी घरी विचारलं नाही. मॅडमनीच बाबांना फोन केला, कारण मी घरी विचारणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्या मोसमात मरळ चांगली निघाली होती. बाबा म्हणाले, घेऊन टाकू. पुढचे पंधरा दिवस मी फोनवर सायकली पाहत होते. फ्रेम, चाकं, गिअर, कोणती सायकल चढाला हलकी, कोणती खराब डांबरावर टिकते, सगळं इंग्रजीतून वाचून काढलं. माझ्या उंचीच्या मुलींनी लिहिलेलं शोधून वाचलं. शेवटी एक नक्की केली. मापाचा तक्ता होता, त्यात पायाचं आतलं माप टाकलं की सायकलचं माप कळायचं. इतकं सगळं मला माहीत होतं. पण बाबांनी जेव्हा विचारलं, "येतं काय नागपूरले संगं?" तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते दुकान आलं, टेप घेतलेला एक माणूस आला, तो माझ्या पायांशी बसून माप घेतोय आणि शेजारी बाबा उभे आहेत असं चित्र आलं, आणि मी म्हणाले, परीक्षा आहे, तुम्हीच आणा. परीक्षा तीन आठवडे लांब होती.

मग माप आईनं घेतलं. आतल्या खोलीत दार लोटून, मला भिंतीशी उभं करून, टाचा टेकव म्हणून दोनदा बजावून. बाबा दाराबाहेर नायलॉनच्या दोरीची गुंडी घेऊन उभे होते आणि दोरीचं टोक तेवढं दाराखालून आत आलं होतं. आई खाली बसली, टोक टाचेशी जमिनीला धरलं, वर जिथे माप संपलं तिथे चिमटीत पकडलं आणि तशीच चिमूट घेऊन बाहेर गेली. मी आतच थांबले. माझं तोंड तापलं होतं. बाहेर बाबांनी दोरी कापल्याचा आवाज आला, आणि आई म्हणाली, संपलं, उगाच लाजून राह्यली पोरगी.

मासोळी घेऊन नागपूरला जाणारी पिकअप गाडी पहाटे निघते आणि दुपारी रिकामे क्रेट घेऊन परत निघते. बाबा तिच्यातूनच गेले आणि तिच्यातूनच आले. सायकल क्रेटांच्या मध्ये, खाली पोत्यांची गादी करून, स्वतःच्या मांडीचा टेका देऊन त्यांनी आणली होती. पाच तास मागे बसून. तिला बर्फाचा आणि मासोळीचा वास येत होता. मोहल्ला जमला. आईनं चाकाला हळद-कुंकू लावलं. बाबांनी दुकानातली गोष्ट त्या दिवशी किमान सहा जणांना सांगितली असेल. दुकानवाला म्हणे विचारत होता, पोरीची उंची किती, आणि बाबांनी खिशातून दोरी काढून काउंटरवर ठेवली. त्यानं टेप लावला, तक्ता पाहिला आणि माप काढून दिलं. "मनला, काका, इथी लोकं पोरीले आणतेत तरी माप जमत नाई. तुमी दोरी आणली. असं कोणी आणत नाई." हे सांगताना बाबा हात पसरायचे, जसे जाळ्याच्या दोरीला पसरायचे. बिलाच्या मागे लिहिलं होतं की पंधरा दिवसांत माप बदलून मिळेल, ओरखडा, छिद्र, जोडकाम चालणार नाही. ते इंग्रजीत होतं. ते फक्त मी वाचलं आणि बिल डब्यात ठेवलं.

पहिल्याच दिवशी जंगलाच्या पट्ट्यात हँडलपर्यंत पोचायला मला अंग इतकं ताणावं लागलं की सीटच्या टोकावर बसून मी चालवत होते. मध्येच पेडलवर उभी राहायची, कंबर मोकळी करायला. मागून बाबांचा हॉर्न वाजला, दोनदा, आनंदानं. त्यांना वाटलं मी वेग घेतेय.

पाळीवरच्या त्या वाक्यानंतर मी निदान इतकं केलं, आईला सांगितलं की हात दुखतात. आईनं बाबांना सांगितलं, आणि बाबा सायकल रामदासभाऊंकडे घेऊन गेले. रामदासभाऊंचं दुकान आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावर, आणि गावातल्या प्रत्येक सायकलला त्यांचा हात लागलेला. त्यांनी सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या. सायकल घेताना आमच्याकडे एकच कसोटी, सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. माझा एकही टेकत नव्हता. मग त्यांनी सीट जाईल तितकी खाली घातली. हँडलकडे पाहून म्हणाले, "हे कंपनीवाल्यानं उलटं लावून देल्लं ना बाप्पा. पोरीच्या जातीनं वाकून कायले चालवायचं?" आणि नट सैल करून त्यांनी ती मेंढ्याची शिंगं आभाळाकडे वळवली. ब्रेक वर आले. बाबांनी मला बसवून पाहिलं. पाय टेकले, पाठ ताठ झाली, हातही पोचले. सगळ्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही दोन दिवस बरं वाटलं, कारण दुखायची जागा बदलली होती. तिसऱ्या दिवशी गुडघे सुजले.

मॅडमनी मला कॉलेजच्या फाटकात पाहिलं. त्या हसल्या नाहीत, यासाठी मी त्यांची अजून ऋणी आहे. त्यांनी मला झाडामागे नेलं, सायकल सरळ धरली आणि तिच्यावर दोन्ही पाय टाकून उभी राहा म्हणाल्या. मी राहू शकले नाही. "दोन मापं मोठी आहे," त्या म्हणाल्या. "हँडल, सीट काही फिरवून उपयोग नाही. ही बदलून आण. माप कोणी घेतलं?" मी म्हणाले, बाबांनी. मॅडमनी विचारलं, बदलून मिळते ना? मी म्हणाले, अजून आठ दिवस. मग आजच सांग घरी, त्या म्हणाल्या. निवडीच्या दिवशी या सायकलवर मी तुला उतरू देणार नाही, गुडघा जाईल.

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आज स्वतःची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणेन की काय बिघडलंय ते मला नेमकं माहीत होतं आणि तेच माझ्या आड येत होतं. सायकल जड आहे, रंग आवडला नाही, असं काही असतं तर कदाचित बोलले असते. पण सायकल मोठी आहे म्हणजे माप चुकलंय, आणि ज्या घरात मी राहत होते तिथे हे वाक्य कोणी कधी उच्चारलेलं नव्हतं. जेवताना मी तोंड उघडायची आणि बाबा ताटात मासोळीचा मधला तुकडा टाकायचे, खा, ताकद लागते. जंगलाच्या रस्त्यावर वाटायचं, आता थांबावं आणि सांगावं, तर मागून हॉर्न वाजायचा.

सुट्टीच्या एका दुपारी मी छपरीच्या खांबाला टेकून बसले होते, दोन्ही गुडघ्यांवर ओला कपडा ठेवून. शेजारच्या गावचा एक म्हातारा कोळी जाळं घेऊन आला होता. आईला दुसऱ्यांदा चहा ठेवायला सांगून झालं होतं. बाबांनी गुंडी उलगडली आणि मोजायला सुरुवात केली, एक हात, दोन हात, ओठांत आकडे. शेवटच्या मापाशी म्हाताऱ्यानं दोरी चिमटीत धरली. बाबांनी त्या चिमटीला लागून आपली मूठ मिटली आणि मुठीच्या पलीकडे पातं फिरवलं. हे मी जन्मापासून पाहत आले असेन. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी विचारलं, मूठभर जास्त का कापली? बाबांना इतकं बरं वाटलं मी विचारल्याचं. म्हणाले, "गाठीची मूठ ते. दोरी बांधली का गाठ दोरी खाते. मूठ नाई सोडली तं जाळं तेवढंच आखूड पडते." म्हातारा मान हलवत म्हणाला, भाऊची मूठ कधी चुकत नाही.

मी आत गेले. आई चुलीपाशी होती. मी विचारलं, त्या दिवशी माप घेतलं तेव्हा दोरीला खूण केली होतीस का? आई म्हणाली, खूण कशाला, चिमटीत धरून तर नेली होती, तुझ्या बाबानं लागलीच कापली. मग ती माझ्याकडे पाहत राहिली, कारण मी रडत होते की हसत होते हे तिला कळेना. मी धूर गेला म्हणाले. चुलीला धूर नव्हता. तीस वर्षांचा हात. त्यानं चिमूट पाहिली आणि तिच्या शेजारी मूठ मिटली. माझ्या पायाला कुठली गाठ बांधायची होती?

आता मला सगळं कळलं होतं आणि त्यामुळे बोलणं जास्तच अवघड झालं होतं. आधी वाटत होतं दुकानवाल्याची चूक निघेल, तक्त्याची निघेल. आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी मनात वाक्यं तयार करत राहिले. इंग्रजीत ती फार सुरेख व्हायची. दिवस मात्र कमी होत गेले. बिलावरची तारीख मी डबा उघडून रोज पाहायची, जणू ती वाढलेली असेल.

मुदतीला दोन दिवस असताना बाजाराचा दिवस आला. बाबा सकाळी म्हणाले, चाल, आज क्यारियर बसवून टाकू, डबा-दप्तर पाठीवर किती दिवस नेशील? मला वाटलं फक्त बसवायचंय. दुकानात गेल्यावर पाहिलं तर रामदासभाऊंनी क्यारियर आधीच आणून ठेवलं होतं आणि ते सायकलला कुठेच लागत नव्हतं. अशा सायकलला त्यासाठी जागा ठेवलेलीच नसते. रामदासभाऊ म्हणाले काही टेन्शन नाही, मागच्या दोन्ही दांड्यांना भोकं पाडू, दहा मिनिटांचं काम. त्यांनी ड्रिल मशीनची वायर शेजारच्या पीठगिरणीतून घेतली. बाबांनी सायकल आडवी करून दोन्ही हातांनी फ्रेम घट्ट धरली, जशी मांडीचा टेका देऊन पिकअपमध्ये धरली असेल. भोवती पाच-सहा जण होते. बाजारात मशीन सुरू झालं की माणसं थांबतातच. बाबा त्यांना दोरीची गोष्ट सांगत होते. त्यानं टेप लावला, अना मनला, काका, असं कोणी आणत नाई.

एका माणसानं चेष्टेत म्हटलं की भाऊ, आता जाळी सोडून सायकलीचं माप घ्या. सगळे हसले, बाबा सगळ्यांत जास्त हसले. रामदासभाऊंनी खडूनं दांडीवर फुली मारली. मशीन एकदा हवेत फिरवून पाहिलं. मी बाबांच्या मागे उभी होते. मला त्यांची पाठ दिसत होती, शर्टाला सुकलेलं खवलं चिकटलेलं होतं. मी काय म्हणायचं ते तेव्हाही तपासत होते.

"थांबा भाऊ," मी म्हणाले. मशीनच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मी पुढे झाले आणि खडूच्या फुलीवर हात ठेवला. रामदासभाऊंनी घाबरून मशीन बंद केलं. अचानक बाजाराचे सगळे आवाज ऐकू यायला लागले.

"भोक नका पाडू. सायकल बदलायची आहे. मले मोठी होते."

मग रामदासभाऊ म्हणाले, "मोठी कशी होईल गे? तुझ्या बाबानं दोरी लावून आणली. भाऊचं माप कधी चुकलं काय?" ते माझ्याशी बोलत होते, पण पाहत बाबांकडे होते. बाकीचेही बाबांकडेच पाहायला लागले. बाबांनी फ्रेम सोडली नव्हती. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग वर वळवलेल्या हँडलकडे, मग खाली केलेल्या सीटकडे, आणि मला दिसलं की ते मोजतायत. ओठ हलत होते. उजव्या हाताची बोटं दांडीवरून सुटली आणि हळूहळू मिटायला लागली. अजून एक क्षण गेला असता तर त्यांना त्यांच्याच हातात उत्तर सापडलं असतं, आणि ते सगळ्यांसमोर सापडलं असतं.

मुठीची गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितेय. आईलाही ती कधी सांगितली नाही. बाबांना नंतर कळली असेल की नाही, मला माहीत नाही. कळली असेल तर तेही माझ्यासारखेच गप्प बसले. त्या क्षणी मात्र मी तयार केलेलं एकही वाक्य माझ्याजवळ उरलं नव्हतं. जे तोंडून निघालं ते मी आधी तपासलेलं नव्हतं, आणि ते इतक्या मोठ्यानं निघालं की पीठगिरणीच्या दारातली माणसंसुद्धा वळून पाहायला लागली.

"बाबाचं माप बरोबर आहे, भाऊ. आई माप घेत होती तवा मीच टाचा उचलल्या होत्या. मले मोठी सायकल पाहिजे होती."